कातलेल्या वाडग्याला रंग देताना: हिरड्याचा काळा, पाण्यातला निळा आणि लाखेचा थर

लेथवर कातलेला वाडगा आणि रंधा मारलेली सपाट फळी यांना एकच रंग एकाच हाताने लावला, तरी तो दोहोंवर सारखा उतरत नाही. फळीवर तंतू बहुतेक सगळीकडे एकाच दिशेने आडवे पडलेले असतात. वाडगा मात्र सहसा खोडाच्या उभ्या चिरलेल्या अर्ध्या भागातून काढतात, त्यामुळे त्याच्या बाहेरच्या अंगावरून बोट फिरवत नेले की एका फेरीत दोन ठिकाणी तंतूंची कूस, म्हणजे त्यांची आडवी बाजू, लागते आणि दोन ठिकाणी तंतूंची कापलेली, उघडी टोके लागतात. ही टोके रंग खोलवर शोषतात आणि तेथे वाडगा गडद, कधीकधी अगदी डागाळलेला दिसतो. वाडगा रंगवण्यातील निम्म्याहून अधिक अडचणी येथे उगम पावतात. उरलेल्या बहुतेक अडचणी एक थर दुसऱ्या थराला विरघळवतो यातून निर्माण होतात. या दोन गोष्टी आधी ध्यानात घेतल्या तर रंगाचे प्रयोग आंधळे राहत नाहीत.

पुढील सर्व विवेचन एका ठरावीक कामाभोवती केले आहे: आंब्याच्या लाकडाचा सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा वाडगा, बाहेरून काळ्या रेषांतून उमटणारा निळा आणि आतून लाकडाच्या मूळ रंगाचा. आंब्याचे लाकूड महाराष्ट्रातील बहुतेक वखारींत स्वस्तात मिळते, त्याचा रंग फिकट असतो, आणि बुरशीमुळे पडलेल्या करड्या-काळ्या रेषा त्यात अनेकदा आयत्या सापडतात. साग किंवा शिसव रंगवण्यात मला फारसे हशील दिसत नाही. ज्या लाकडाचा स्वतःचा रंगच देखणा आहे त्याच्यावर डाय, म्हणजे विरघळणारा रंग, ओतणे हे त्या लाकडाचे आणि डायचे, दोहोंचे नुकसान आहे. शिवण, हेदू आणि काळा कुडा ही मात्र रंगासाठी उत्तम लाकडे आहेत. काळ्या कुड्याचे हस्तिदंती रंगाचे, बारीक पोताचे लाकूड कर्नाटकातील चन्नपट्टणच्या खेळण्यांसाठी पिढ्यानपिढ्या वापरले जात आहे.

तेथील पद्धत आणि आपली पद्धत यांतला फरक येथेच सांगितलेला बरा. लाखकामात रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर अपारदर्शक लेप चढतो. त्याखाली लाकडाची रेषा दिसत नाही आणि दिसावी अशी अपेक्षाही नसते. आपल्याला याच्या उलट हवे आहे. रंग दिसावा, पण लाकूडही दिसावे.

रंग कोणता घ्यावा

दुकानात ‘वुड स्टेन’ या नावाखाली जे विकले जाते त्यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे रंगद्रव्य, अर्थात न विरघळणारी बारीक पूड, जी छिद्रांत आणि ओरखड्यांत जाऊन बसते. आपले पॉलिशवाले कारागीर वापरतात ती पेवडी, गेरू, हिरमुंजी आणि काजळी ही सगळी याच जातीची. दुसरी म्हणजे डाय. तो द्रावकात पूर्णपणे विरघळतो, तंतूंच्या आत शिरतो आणि पारदर्शक राहतो. डबा काही दिवस न हलवता ठेवावा. तळाशी गाळ बसला तर त्यात रंगद्रव्य आहे, वरचे पाणी रंगीत राहिले तर डायही आहे. रंगद्रव्य उन्हात टिकते, पण गडद थर दिला की लाकडाची रेषा झाकते. लाकडातील लहरी आणि चमक वर आणायची असेल तर डायच हवा.

डायमध्येही निवड करावी लागते. पाण्यात विरघळणारे डाय सावकाश सुकतात, त्यामुळे वाडग्याच्या वळणावर एकसारखे पसरवायला वेळ मिळतो. मात्र पाण्यामुळे लाकडाचे तंतू उभे राहतात. स्पिरिटात विरघळणारे डाय क्षणात सुकतात आणि म्हणूनच ब्रशचे पट्टे सोडतात. पॉलिशच्या सामानाच्या दुकानात सुट्या मिळणाऱ्या स्वस्त, भडक स्पिरिट-रंगांपैकी पुष्कळसे अशा वर्गातले असतात की जे पहिल्या दिवशी डोळे दिपवतात आणि खिडकीजवळ ठेवल्यावर काही महिन्यांत विटतात. मेटल-कॉम्प्लेक्स प्रकारचे, म्हणजे ज्यांत रंगाला धातू जोडलेला असतो असे, डाय महाग असतात, पण प्रकाशात बरेच अधिक टिकतात, आणि जो वाडगा कोणाला भेट द्यायचा किंवा विकायचा आहे त्यासाठी हा जादा खर्च करणे योग्य ठरते.

घरगुती वनस्पतिजन्य रंगांचा मोह अनेकांना होतो. हळद लाकडावर सुंदर चढते आणि चुन्याची निवळी लावली की कुंकवासारखी लाल होते, परंतु हा रंग उन्हात इतक्या लवकर उडतो की शोभेच्या वस्तूसाठी त्याचा विचार करू नये. या कुटुंबातला एकच रंग मी निःशंकपणे सुचवेन, तो म्हणजे हिरडा आणि लोखंड यांच्या संयोगातून होणारा काळा. तो या संपूर्ण कामाचा पाया आहे.

हिरड्याचा काळा हा पाया का

काळ्या रेषांवर निळा ही पद्धत अशी असते: आधी संपूर्ण अंग काळे करायचे, मग पॉलिश पेपरने वरचा काळेपणा काढायचा, म्हणजे छिद्रे, लहरींचे मऊ पट्टे आणि बारीक रेषा एवढ्याच काळ्या उरतात, त्यावर निळा दिला की लाकडाला खोली येते. अडचण अशी की खालचा काळा पाण्यातला असेल तर वरून दिलेला पाण्यातला निळा त्याला उचलतो आणि दोन्हींचा मिळून मळकट करडा होतो. काळा स्पिरिटातला घेतला तर निळा नीट बसतो, पण शेवटी लाखेचे पॉलिश देताना त्यातील स्पिरिट तोच काळा विरघळवून निळ्यात ओढते. या कोंडीतून सुटण्याचा उपाय म्हणजे पाण्यात आणि स्पिरिटात, दोन्हींत न विरघळणारा काळा.

हिरड्यात टॅनिन भरपूर असते. टॅनिन आणि लोहाचे क्षार एकत्र आले की तंतूंच्या आतच निळसर काळा, अविद्राव्य पदार्थ तयार होतो. कलमकारीच्या कापडावरील काळ्या रेघाही याच तत्त्वावर उमटतात: कापड आधी हिरड्यात बुडवतात आणि त्यावर गुळाच्या पाण्यात मुरवलेल्या लोखंडाचे द्रावण लावतात. सह्याद्रीत जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात आणि कोणत्याही काष्ठौषधींच्या दुकानात त्याची पूड मिळते, तेव्हा सामान शोधायला लांब जावे लागत नाही.

हिरड्याच्या काढ्यासाठी १ लिटर गरम पाण्यात सुमारे ५० ग्रॅम पूड घालून रात्रभर ठेवावी आणि सकाळी दाट कापडातून दोनदा गाळावी. गाळताना राहिलेले कण नंतर लाकडावर काळे ठिपके होऊन बसतात, त्यामुळे येथे घाई करू नये. काढा दोन-चार दिवसांत खराब होतो; लागेल तेवढाच करावा.

लोहाच्या द्रावणासाठी अर्धा लिटर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण १० ग्रॅम स्टील वूल टाकावे. स्वयंपाकघरातील भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी येथे चालत नाही. ती स्टेनलेस स्टीलची असते आणि व्हिनेगरमध्ये विरघळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातील बारीक स्टील वूल घ्यावे आणि त्यावर तेलाचा हात असतो तो साबणाच्या पाण्याने आधी धुऊन काढावा. ते न मिळाल्यास साधे लोखंडी खिळे चालतात, मात्र वेळ अधिक लागतो. बरणीचे झाकण घट्ट लावू नये, कारण या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो. बरणी सैल झाकून, हवेशीर जागी, विस्तवापासून दूर ठेवावी. चार ते सात दिवसांत द्रावण तयार होते. तेही गाळून घ्यावे.

कातणे आणि घासणे

ओल्या लाकडापासून सुरुवात असेल तर वाडगा आधी ढोबळ कातून, भिंतीची जाडी व्यासाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे या वाडग्यासाठी २० मिलिमीटर ठेवून, बाहेरून मेण किंवा पातळ फेव्हिकॉल लावून सावलीत वाळू द्यावा. वजन करून तारीख टाकून ठेवावी. वजन घटणे थांबले की वाडगा तयार झाला. कोकणात आणि पावसाळ्यात याला बराच अधिक काळ लागतो. आंब्याच्या लाकडाचा भुसा आणि चीक काहींच्या त्वचेला झोंबतो, म्हणून लांब बाह्या आणि मास्क ही सवय पहिल्यापासूनच ठेवावी.

वाळलेला वाडगा पुन्हा लेथवर चढवल्यावर फक्त बाहेरचे अंग आणि चकात (लेथच्या पकडीत) धरायचा तळाचा खुंटा पूर्ण करावा. आतली बाजू अजून हात न लावता तशीच जाड राहू द्यावी. याचे कारण पुढे येईल, पण हा क्रम बदलू नये.

रंग न दिलेल्या वाडग्यावर जे ओरखडे कधीच दिसले नसते ते डाय लावताच दिसू लागतात. तंतूंच्या टोकांपाशी गाउजने, म्हणजे कातायच्या पन्हळीदार हत्याराने, लाकूड उचकटलेले असेल तर तेथे काळे व्रण उमटतात. असे उचकटलेले लाकूड पॉलिश पेपरने घासून निघत नाही. हत्याराला पुन्हा धार लावून, वाडग्याच्या बाहेरच्या अंगावर तळाकडून काठाकडे हलके शेवटचे काप घेणे हाच त्यावर उपाय आहे. त्यानंतर १२०, १८०, २४० आणि ३२० क्रमांकाच्या (क्रमांक मोठा तितका बारीक) पॉलिश पेपरने या क्रमाने घासावे आणि कोणताही क्रमांक गाळू नये. प्रत्येक क्रमांकानंतर लेथ थांबवून तंतूंच्या दिशेने हाताने काही फेर घ्यावेत, कारण फिरत्या लेथवरचे ओरखडे वाडग्याभोवती गोल पडतात आणि तंतूंना आडवे जातात तेथे सर्वांत आधी दिसतात. स्पिरिटाचा बोळा फिरवला की हे ओरखडे क्षणभर उघडे पडतात. ही तपासणी टाळण्याचे काहीच कारण नाही.

३२० च्या पुढे बाहेरची कूस घासू नये. उघड्या टोकांचे दोन पट्टे मात्र ४०० पर्यंत न्यावेत, म्हणजे तेथे रंग थोडा कमी शोषला जातो. यानंतर ओल्या फडक्याने संपूर्ण अंग भिजवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि उभे राहिलेले तंतू जुन्या, बोथट झालेल्या ३२० च्या कागदाने नुसते खुडून काढावेत. हे दोनदा केले तर नंतर पाण्यातला डाय लावताना पृष्ठभाग खरखरीत होत नाही.

चाचणीचा तुकडा

याच लाकडाचा, याच कागदांनी याच क्रमाने घासलेला तुकडा हाताशी असल्याशिवाय वाडग्याला रंग लावू नये. उत्तम तुकडा वाडग्यातच दडलेला असतो. तळाचा खुंटा शेवटी कापून टाकायचा असतो आणि त्याच्या कडेवर कूस आणि टोके दोन्ही असतात. त्याच्या एका बाजूवर सगळे थर, लाखेसह, लावून पाहावेत. लाखेशिवाय पाहिलेला रंग फसवा असतो. सुकलेला डाय निस्तेज, खडूसारखा दिसतो आणि वरचा थर मिळताच खुलतो. ओला असताना जसा दिसतो साधारण तसाच तो अखेरीस दिसेल असे समजावे.

लाकडाचा मूळ रंगही हिशेबात धरावा लागतो. आंब्याचे लाकूड पिवळसर असते, म्हणून त्यावरचा शुद्ध निळा हिरव्याकडे झुकतो. हा झुकाव नको असेल तर निळ्यात किंचित लाल किंवा जांभळा मिसळावा. १०० मिलिलिटर निळ्यात लालाचे काही थेंब इतक्या बेताने सुरुवात करावी आणि प्रत्येक वेळी मोजून लिहून ठेवावे. रंग लक्षात राहतो हा भ्रम आहे.

रंग किती टिकेल हे पाहायचे असल्यास रंगवलेल्या तुकड्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून तो उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवावा. झाकलेल्या आणि उघड्या भागांतील फरक कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक सांगतो.

बाहेरचे अंग काळे करणे

हातमोजे घालावेत आणि लेथच्या बेडवर प्लॅस्टिक व त्यावर वर्तमानपत्र पसरावे, कारण लोहाच्या द्रावणाने उघड्या लोखंडावर गंज धरतो. लेथ बंद ठेवून, वाडगा हाताने फिरवत काम करावे. फिरत्या वाडग्यावर डाय लावला तर तो भिंतीवर आणि चष्म्यावर जातो.

प्रथम हिरड्याचा काढा फोम ब्रशने भरपूर लावावा. टोकांच्या दोन पट्ट्यांना तो आपोआप अधिक मुरतो, म्हणून तेथे आधी साध्या पाण्याचा हात फिरवून घ्यावा. छिद्रे पाण्याने भरलेली असली की काढा खोल जात नाही. काढा वरून कोरडा दिसू लागला की वेगळ्या ब्रशने लोहाचे द्रावण लावावे. काढ्याचा ब्रश लोहात किंवा लोहाचा काढ्यात बुडवला तर बाटलीतच शाई तयार होते. लाकूड पाहता पाहता करडे आणि काही मिनिटांत काळे होते. काळेपणा कमी वाटला तर पुन्हा काढा आणि पुन्हा लोह असा क्रम करावा, नुसते लोह वाढवू नये. अधिकचे लोह वर तांबूस गंजासारखे राहते. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने उरलेली आम्लता आणि लोह पुसून काढावे, नाही तर त्याचा अंश वरच्या निळ्याला मळकट करतो. वाडगा रात्रभर वाळू द्यावा.

दुसऱ्या दिवशी लेथ अगदी मंद वेगावर ठेवून २४० च्या कागदाने काळा काढायला सुरुवात करावी आणि ३२० वर थांबावे. कुठे थांबायचे हा निर्णय सर्वस्वी डोळ्यांचा आहे. माझ्या मते बहुतेक लोक लवकर थांबतात. लाकडाचा फिकट रंग स्पष्टपणे परत येईपर्यंत घासल्याशिवाय निळ्याला उजेड मिळत नाही, आणि मग वाडगा निळा न दिसता नुसता गडद दिसतो. टोकांच्या पट्ट्यांवर काळा खोल गेलेला असतो. तो पूर्ण काढण्याच्या नादात तेथे जास्त घासले तर वाडगा लंबगोल होतो. तेथील थोडा गडदपणा राहू द्यावा आणि कुशीकडे जाताना कागदाचा दाब हळूहळू बदलून सीमा धूसर करावी. या धुळीत रंग असतो, म्हणून मास्क आणि धूळ ओढणारे यंत्र दोन्ही हवीत.

निळा

१०० मिलिलिटर गरम पाण्यात पाण्यात विरघळणाऱ्या निळ्या डायची १ ग्रॅम पूड, म्हणजे एक टक्क्याचे द्रावण, ही वाडग्यासाठी योग्य सुरुवात आहे. पूड पंखा बंद करून, मास्क लावून, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात मोजावी. द्रावण थंड झाल्यावर गाळावे आणि अर्धे बाजूला काढून त्यात तितकेच पाणी मिसळावे, म्हणजे एक तीव्र आणि एक सौम्य अशी दोन द्रावणे हाती येतात.

वाडगा पाण्याने किंचित ओलसर करून सौम्य द्रावण सुती फडक्याने लावावे, तळापासून काठाकडे, संपूर्ण अंग एका दमात ओले होईल अशा रीतीने. मध्ये थांबल्यास जेथे ओले आणि कोरडे मिळते तेथे कड उमटते. मिनिटभराने कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. हा थर वाळल्यावर तीव्र द्रावण फक्त कुशीच्या भागांवर, फिकट वाटतील तेथे, लावून टोकांशी मिळवून घ्यावे. टोकांना गडद होऊ द्यायचे नाही यापेक्षा कुशीला गडद करून त्यांच्या बरोबरीला आणायचे, हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. लाखेचा पातळ हात टोकांवर आधी देऊन शोषण रोखण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण लाख जेथे संपते तेथे नेमकी रेषा उमटण्याचा धोका असतो आणि गोल अंगावर ती लपवता येत नाही.

काठाकडे निळा गडद आणि तळाकडे विरत जाणारा हवा असेल तर वाडगा ओला असतानाच तळाकडच्या भागावर साध्या पाण्याचे फडके फिरवून रंग पातळ करावा. पाण्यातल्या डायची ही मोठी सोय आहे. वाळल्यानंतरही काही प्रमाणात तो असा हलवता येतो.

लाखेचा थर आणि मग आतली बाजू

निळा किमान एक रात्र वाळल्यावर त्यावर लाख द्यावी. १ लिटर स्पिरिटात सुमारे १०० ग्रॅम चपडा लाख विरघळवून, बाटली न हलवता काही दिवस ठेवली की लाखेतले मेण खाली बसते. वरचे स्वच्छ द्रावण ओतून घ्यावे. मेण राहिले तर पुढे पॉलियुरेथेनसारखा थर त्यावर नीट धरत नाही. मऊ फडक्याच्या बोळ्याने, न घासता, एकाच दिशेने तीन-चार पातळ हात द्यावेत. स्पिरिट निळ्याला हात लावत नाही आणि काळ्यालाही लावत नाही. येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी: काही मेटल-कॉम्प्लेक्स डाय पाण्यात आणि स्पिरिटात दोन्हींत विरघळतात. चाचणीच्या तुकड्यावर लाखेच्या बोळ्याला निळा लागला तर लाखेचे पहिले दोन हात बोळ्याने न देता फवारून द्यावेत.

लाख कडक झाल्यावर वाडगा उलटा करून तळाचा खुंटा चकात धरावा आणि आता आतली बाजू कातावी. हा उशीर हेतुपुरस्सर केला आहे. आधी दोन्ही बाजू पूर्ण करून मग बाहेर रंग दिला तर काठावरून तो आत उतरतो, आणि टोकांच्या भागात तर भिंतीच्या जाडीतून काही मिलिमीटर आत शिरतो. चिकटपट्टीने तो अडत नाही, कारण तो पट्टीच्या खालून लाकडातून प्रवास करतो. रंगीत वाडग्याची आतली बाजू नंतर कातली की गाउज रंगलेले लाकूड काढून टाकतो आणि काठावर निळा संपून पिवळसर लाकूड सुरू होणारी रेषा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ मिळते. काठाचा माथाही याच वेळी कातून घ्यावा.

बाहेरच्याच अंगावर दोन रंगांची सीमा हवी असेल तर रंगापूर्वी तेथे टोकदार हत्याराने अरुंद खाच पाडावी आणि फिरत्या लेथवर तीत बारीक पोलादी तार दाबून ती जाळावी. जळलेल्या खाचेपाशी रंगाचे पसरणे बऱ्याच अंशी थांबते. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी असाव्यात. ती बोटांना गुंडाळून धरणे म्हणजे बोट गमावण्याची तयारी करणे होय.

आतल्या बाजूला डाय नको असे मी म्हणतो ते केवळ सौंदर्यासाठी नव्हे. लाकडासाठी विकले जाणारे डाय अन्नाच्या संपर्कासाठी तयार केलेले नसतात आणि वरचा थर भांडी घासताना झिजतो. फळे किंवा सुका मेवा ठेवायचा असेल तर आत डायविरहित लाकूड आणि त्यावर पूर्ण वाळलेले तेल, हेच योग्य.

तेलाविषयी दोन गोष्टी. उकळलेले जवसाचे तेल कालांतराने पिवळे पडते, म्हणून ते निळ्यावर लावू नये. आत लावायला हरकत नाही. आणि तेलाचे बोळे गोळा करून डब्यात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. उघडे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत.

बाहेरच्या लाखेवर पाण्याचे किंवा गरम भांड्याचे डाग पडतात. वाडगा हाताळला जाणार असेल तर लाखेवर पाण्यातले पारदर्शक अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन द्यावे. खाली लाख असल्यामुळे त्यातील पाणी डायपर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात दमट हवेत लाख लावली तर तिच्यावर पांढरट धुके येते. कोरड्या दिवशी स्पिरिटाचा अगदी निसटता हात फिरवला की ते बहुधा निघते. भर पावसात हा थर द्यायचा हट्ट धरण्यापेक्षा कोरड्या दिवसाची वाट पाहणे स्वस्त पडते.

बिघडले तर

निळा फार गडद झाला आणि अजून लाख दिलेली नसेल तर कोमट पाण्याने पुसून तो हलका करता येतो. तो पूर्ण काढायचा असेल तर घरातील क्लोरीनचे ब्लीच बहुतेक डायांचा रंग घालवते. नंतर पाण्याने दोन-तीनदा धुऊन, वाळवून, पुन्हा ३२० चा कागद फिरवावा. ब्लीच कधीही व्हिनेगरच्या किंवा अमोनियाच्या संपर्कात येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. या कामात व्हिनेगरची बाटली टेबलावर असतेच, म्हणून ती आधी उचलून ठेवावी. हिरड्याच्या काळ्यावर ब्लीचचा भरवसा धरू नये. तो काढायला ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण लागते. ते विषारी असते, त्यामुळे हातमोजे व चष्मा हवा आणि नंतर लाकूड भरपूर पाण्याने धुवावे. वाळल्यावर पृष्ठभागावर त्याचे पांढरे कण दिसले तर ते कोरडे घासू नयेत, पुन्हा धुवावेत.

वाळलेल्या लाखेखाली हातातून निसटलेला गोल ओरखडा दिसला तर तेवढाच भाग दुरुस्त करण्याचा प्रयत्न सहसा फसतो, कारण नवा रंग जुन्याच्या कडेवर गडद पट्टा काढतो. अशा वेळी संपूर्ण बाहेरचे अंग २४० पर्यंत खाली घासून निळ्यापासून पुन्हा सुरुवात करावी. काळा बहुतेक ठिकाणी खोल असल्यामुळे शाबूत राहतो आणि कित्येकदा या दुसऱ्या फेरीत रेषा पहिल्यापेक्षा अधिक बारीक दिसतात.